मूक घराची मुदत

यात्रेच्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हौसाक्काची रिंग आली नाही. सव्वासातला मी चहा गाळला, साडेसातला तो गार झाला. आठ वाजता मी टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. टोन येत होता, म्हणजे बिघाड माझ्याकडे नव्हता.

हौसाक्का माझी थोरली बहीण. वय बहात्तर. कोयनेच्या पाण्यापलीकडे मोरवंड नावाच्या गावात एकटी राहते. मूलबाळ नाही, दाजींना जाऊन सोळा वर्षं झाली. आमच्यात अकरा वर्षं बोलणं नाही. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर ती पदर सारखा करत बायकांच्या बाजूला निघून जाते आणि मी मांडवाचे बांबू मोजत बसतो. पण रोज सकाळी सात-दहाला ती माझ्या फोनवर एक रिंग देते आणि ठेवते. मग मी तिला एक रिंग देतो आणि ठेवतो. उचलायचं नाही, असं कोणी ठरवलेलं नाही. आमचं अख्खं खोरं मिस्ड कॉलवर चालतं. एक रिंग म्हणजे जेवायला ये, दोन म्हणजे लाँच धक्क्याला लागली. आमच्या रिंगेचा अर्थ एवढाच, की अजून आहे.

बोलणं तुटलं ते आईच्या तेराव्याला. सगळ्या भावकीसमोर अक्कानं मला विचारलं, शेवटी आईनं माझं नाव काढलं का? मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. अक्काला ते खोटं वाटलं, तसं ती म्हणाली, आणि मी आईची शपथ घेतली. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, आणि तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

मी संपत उत्तेकर. खोऱ्याच्या टेलिफोन ठाण्यातला एकमेव माणूस. साहेब, वायरमन, शिपाई, सगळं मीच. निवृत्तीला चौदा महिने उरलेत आणि मी ते एक एक करून ढकलतोय. खोरं अभयारण्यात येतं म्हणून नवे टॉवर नाहीत, डोंगराच्या घड्यांत मोबाइल लागत नाही. तांब्याच्या तारा निघाल्या तेव्हा सरकारनं घरोघर एक पेटी दिली. कागदोपत्री तिचं नाव व्हॉइस गेटवे. तिच्या एका बाजूला जुनाच फोन जोडायचा, दुसऱ्या बाजूला छतावरची अँटेना. माणसाचा आवाज आत शिरला की पेटी त्याचे बारीक तुकडे करते, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालते आणि डोंगरमाथ्याच्या सड्यावरच्या मनोऱ्याकडे फेकते. पलीकडची पेटी ते तुकडे गोळा करून पुन्हा आवाज जोडते.

सगळा खेळ पत्त्याचा आहे. पेटी कारखान्यातून येते तेव्हा तिला स्वतःचं नावगाव माहीत नसतं. सुरुवातीच्या काळात मी लाँचनं गावोगाव जाऊन प्रत्येक पेटीत बारा आकडे हातानं भरत असे. एक आकडा चुकला की मोरवंडच्या सुनेची तक्रार थेट तिच्या सासूच्याच घरी वाजायची. मग पत्ते आपोआप मिळायला लागले. वीज आली की पेटी हवेत हाक मारते, मी नवीन आहे, मला कोणी पत्ता देईल का? मनोऱ्यावरचं यंत्र म्हणतं, हा एक मोकळा आहे, चालेल? पेटी म्हणते, चालेल. यंत्र शिक्का मारतं, आणि सोबत तिचा फोन नंबर कोणता, लाल बटण दाबलं तर दवाखान्याची बोट कशी बोलवायची, हेही कळवतं. सगळं मिळून चार सेकंद. पत्ता मात्र कायमचा नसतो, मुदतीवर असतो. मुदत निम्मी सरली की पेटीनं ती वाढवून मागायची. पेटी बंद पडली किंवा घर उठलं, तर पत्ता परत मोकळा.

अडचण मोजक्या वाटांची. मनोऱ्याच्या रेडिओवर एका वेळी दोनशे चाळीस पत्तेच बसतात, आणि खोऱ्यात पेट्या आहेत तीनशे बारा. एरवी निम्म्या घरांना कुलूप असतं, त्यामुळे भागतं. पण चैत्रातल्या यात्रेला मुंबईचा झाडून सगळा माणूस गावी येतो, कुलपं निघतात आणि सगळ्या पेट्या एकदम हाका मारतात. गेल्या यात्रेला मुंबईकरांनी आधी येऊन वाटा अडवल्या आणि वरच्या वस्तीवरच्या एका बाळंतिणीला दोन तास बोट बोलावता आली नाही. ती वाचली, पण बोभाटा झाला. म्हणून दहा महिन्यांपूर्वी नवीन यंत्र आलं. ते शिकणारं आहे. कोणतं घर किती बोलतं हे ते बघत राहतं आणि त्यावरून मुदत ठरवतं. बोलक्या घराला वर्षाची मुदत, अबोल घराला दिवसाची. गर्दी झाली की सर्वांत अबोल घरं आधी गळतात. कोण काय बोललं हे त्याला कळत नाही, फक्त आवाज झाला की नाही एवढंच कळतं. कोणाच्या नावावर काय, हे तेच ठरवतं म्हणून गावकऱ्यांनी त्याचं नाव तलाठी ठेवलं.

मी तलाठ्याचा पडदा उघडला. यादीत अक्काची पेटी लाल अक्षरांत होती. घराचा प्रकार: मूक. दहा महिन्यांतलं संभाषण: शून्य सेकंद. मुदत पहाटे संपली. पत्ता एका मुंबईच्या घराला दिलेला होता, त्या घरानं पहाटेपासूनच तासभर बोलून घेतलं होतं.

शून्याकडे मी बराच वेळ बघत राहिलो. दहा महिन्यांत तिनं तीनशे रिंगा दिल्या होत्या आणि मी तेवढ्याच परत दिल्या होत्या.

रिंगा मोजायच्या नाहीत हा नियम माझाच. यंत्र बसवताना वरच्या कार्यालयानं एकतीस प्रश्नांचा फॉर्म पाठवला होता. एकोणिसावा प्रश्न असा होता, की न उचललेली रिंग वापर म्हणून धरावी काय? शनिवारची दुपार होती, आदल्या दोन रात्री मनोऱ्याच्या बॅटऱ्या बदलण्यात गेलेल्या, आणि मी ‘नाही’वर खूण केली. कारणही खरं होतं. मिस्ड कॉल धरले असते तर खोऱ्यातलं प्रत्येक घर बडबडं ठरलं असतं. फक्त रिंगेवरच जगणारं एखादं घर असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि ते घर कोणाचं, तर माझ्या बहिणीचं. आपलेच दात, आपलेच ओठ.

मी साताऱ्याला तासगावकर मॅडमना फोन लावला. वयानं माझ्या मुलीएवढ्या, कामाला चोख, मला काका म्हणतात.

“काका, हातानं पत्ता देणं आपण बंद केलंय,” त्या म्हणाल्या. “यात्रेत प्रत्येक पुढारी आपल्या माणसासाठी फोन करतो, म्हणूनच बंद केलंय. तुम्हीच सुचवलं होतंत.”

“म्हातारी बाई आहे. हृदयाचं दुखणं आहे. दोन वर्षांपूर्वी लाल बटण दाबलं म्हणून वाचली.”

“दोन वर्षांपूर्वी. यंत्राकडे दहाच महिन्यांचं आहे.” त्यांनी पुढे सांगितलं, “आज चारला यादी बंद होते. त्यात जी पेटी गळाली ती गळाली. परत यायचं तर नवा अर्ज.”

“सरकारी काम आणि सहा महिने थांब.”

“आठ,” त्या म्हणाल्या. “एक मार्ग आहे. जागेवरची चाचणी. तुम्ही पेटीपाशी जाऊन अंगठा लावलात तर दुरुस्तीसाठी राखलेला पत्ता तिला चारपर्यंत मिळेल. तेवढ्यात त्या पेटीवर खरं संभाषण झालं, तर तलाठी स्वतःच तिला वर्षाची मुदत देईल. तीन मिनिटं आवाज. दोन्ही बाजूंचा, प्रत्येकी किमान एक मिनिट. शांतता धरत नाही.”

“रेडिओ लावून ठेवला तर?”

“काका, हे तुम्ही विचारताय?” त्या हसल्या. “पाच गावांनी केलाय तो प्रयोग. एक बोलतो तेव्हा दुसरा थांबतो, हे यंत्र बघतं. रेडिओ कोणासाठी थांबत नाही.”

ती रुग्ण माझी कोण लागते, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

धक्क्यावर रामजी सकपाळची लाँच पलीकडून भरून आली होती. नवी लुगडी, टोप्या, नैवेद्याच्या परड्या, एक ढोल, दोन कोकरं. परत जाताना मात्र मी एकटाच होतो. रामजी माझ्याच वयाचा, पस्तीस वर्षं हे पाणी ओलांडतोय.

“यात्रा सोडून उलटा कुठं निघालास?” त्यानं विचारलं.

“मोरवंडला. अक्काची पेटी बंद पडलीय.”

त्यानं सुकाणू धरूनच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “दुरुस्तीला चाललास का भेटाया?”

“दुरुस्तीला.”

“बरं,” म्हणून त्यानं मान पुढे वळवली. निम्म्या पाण्यात आल्यावर म्हणाला, “दोन वर्सांमागं ती दवाखान्यात हुती तवा तू दोन दिस दाराबाहेर उभा हुतास. आत न्हाई गेलास. मी तिला सांगितलं न्हाई, पर आपलं म्हटलं, तुला ठावं असावं की मला ठावं हाय.”

 खोऱ्यात गुपित म्हणजे सगळ्यांना माहीत असलेली आणि कोणी न काढलेली गोष्ट. ऊन चढलं होतं आणि इंजिनाच्या धक्क्यानं माझ्या गुडघ्यात कळ येत होती.

अक्काचं घर चढावर. ओट्यावर पेटी ठेवलेली होती. वायर नीट गुंडाळून सुतळीनं बांधलेली, फोन तिच्या डोक्यावर ठेवलेला. आत अक्का पाट्यावर पुरण वाटत होती. माझी सावली दारात पडली तरी तिनं मान वर केली नाही.

“ती पेटी उचल आनि ने,” ती म्हणाली.

अकरा वर्षांनी तिच्या तोंडून माझ्यासाठी आलेलं हे पहिलं वाक्य. आवाज होता तसाच होता, थोडा बसका झालेला.

“अक्का, मी लाइन काढली नाही.”

“मग कोन बोललं?” आता तिनं वरवंटा थांबवला. “सकाळी रिंग द्याया फोन उचलला तर तूच बोललास. अकरा वर्सांनी बोललास, आनि काय बोललास? ‘या घराचा पत्ता आता रद्द झाला आहे.’ वर आनि धन्यवाद म्हनलास.”

मी ओट्यावर बसलोच. यंत्र नवं आलं तेव्हा वरच्या कार्यालयाला सूचनांसाठी ओळखीचा आवाज हवा होता, म्हातारी माणसं घाबरू नयेत म्हणून. एका बैठकीत, स्वयंपाकघरात पंखा बंद करून, मी सेहेचाळीस वाक्यं एकामागून एक वाचून दिली होती. रद्द झाल्याचं वाक्य चाळिसाव्या आसपास होतं. तोवर मी कंटाळलो होतो आणि माझा आवाज कोरडा झाला होता. तोच यंत्रानं जपून ठेवला आणि आज पहाटेनंतर तिला ऐकवला.

मी तिला हे सगळं सांगितलं. मनोरा, वाटा, यात्रेची गर्दी, तलाठी, न उचललेल्या रिंगा.  तिनं तांब्या-भांडं आणून पुढ्यात ठेवलं.

“म्हंजे मशीन म्हनतंय, ह्या घरात बोलनं न्हाई,” शेवटी ती म्हणाली.

“हो.”

“मग त्यात खोटं काय हाय?”

मी पाणी प्यालो. मग पेटी आत नेली, वायर सोडली, जोडणी केली आणि अंगठा लावला. दिवा लाल होता, तो पिवळा झाला. फोन कानाला लावून टोन ऐकला.

“चारपर्यंत चालू राहील,” मी म्हणालो. “तेवढ्यात कोणाशी तरी तीन मिनिटं बोल. साताऱ्याच्या मॅडम फोन करतील. नाहीतर रामजीला सांगतो.”

“रामजीसंगं काय बोलू? त्येच्या लाँचचं?”

“काहीही बोल. पुरण कसं झालंय ते सांग.”

“मला परक्यासंगं बोलाया जमत न्हाई फोनवर.” ती भिंतीला टेकून बसली. “ही पेटी मी ठिवली ती सकाळच्या येका रिंगंपायी. तू हाईस, येवढं कळायचं. दुसरं मला काय काम तिचं?”

“लाल बटण आहे. परत छातीत दुखलं तर?”

“दुखलं तर दुखलं.” हे ती रागानं म्हणाली नाही, भाजीला मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. “बोलायचं आसंल तर तू बोल. आनि हिकडचं तिकडचं नगं. आईचं शेवटचं सांग. शपथ घेतलीस ती खरी का खोटी, त्ये सांग.”

 मी म्हणालो, “इथंच सांगतो, अक्का.”

“हितं नगं.” तिनं हात वर केला. “हितं तू माझ्या तोंडाकडं बघत सांगशील. मला रडू आलं की बदलशील. ल्हानपनापास्नं तुझी खोड हाय ती. तिकडं जा, तुझ्या मशीनम्होरं बस, आनि तिथनं सांग. आनि न्हाई सांगायचं, तर उद्याच्याला ही पेटी घिऊन जा. मग मी रिंगबी देनार न्हाई.”

मी धक्क्यावर आलो तर लाँच पलीकडे होती. पालखी उतरेपर्यंत रामजी निघाला नाही. मी धक्क्याच्या दगडावर पाऊण तास बसून होतो. आईनं नाव काढलं होतं हे सांगणं सोपं होतं, एक ‘हो’ म्हटलं की झालं. पण त्या ‘हो’च्या पाठोपाठ ‘मग मला का बोलावलं नाहीस’ हे येणार, आणि अकरा वर्षं मी पळत होतो ते त्याच प्रश्नापासून. एखादं मोठं कारण असतं, जमिनीचा वाद असता, वैर असतं, तर सांगून मोकळा झालो असतो. माझ्याकडचं कारण इतकं किरकोळ होतं, की ते सांगायचीच लाज वाटत होती.

ठाण्यात पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. पडदा उघडला. अक्काची पेटी पिवळी दिसत होती. तिच्या पुढे दोन रकाने, एक माझ्या आवाजाचा, एक तिच्या. दोन्हींत शून्य. मी नंबर लावला. पहिली रिंग गेली आणि सवयीनं माझा हात फोन ठेवायला खाली आला. तो मी थांबवला. तिसऱ्या रिंगेला तिनं उचलला.

 रकाने शून्यावरच राहिले.

“बोल,” ती म्हणाली. तिच्या रकान्यात एक सेकंद पडला.

“आईनं तुझं नाव काढलं होतं,” मी म्हणालो. “शपथ खोटी होती.”

 मी बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं.

“साताऱ्याच्या दवाखान्यात नववा दिवस होता. मी एकटाच होतो. मंगल आमच्या पोरीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली. दिवसा आईजवळ आणि रात्रीपण आईजवळ, मधे एकदा आंघोळीला तेवढा जायचो. त्या दिवशी दुपारी आई एकदम शुद्धीवर आली. चांगली बोलली. पेज मागितली, दोन चमचे खाल्ली. मग म्हणाली, हौसाला बोलव. मी हो म्हटलं. परत म्हणाली, आत्ता बोलव. तेव्हा अडीच वाजले होते. मोरवंडला पाटलांच्या घरी फोन केला असता तर तुला चारची लाँच मिळाली असती, अंधार पडायच्या आत तू दवाखान्यात असतीस. फोन माझ्या खिशात होता.”

माझ्या रकान्यात पन्नास सेकंद झाले होते. तिच्यात अजूनही एकच.

“मी बाहेर बाकड्यावर येऊन बसलो. नंबर काढला. आणि म्हटलं, दहा मिनिटं डोळे मिटतो, मग करतो. तू आलीस की रडारड होणार, पाहुणे येणार, चहापाणी, कोणाला कुठं झोपवायचं, सगळं मलाच करायचं. म्हटलं, आधी दहा मिनिटं. मला नर्सनं हलवून उठवलं तेव्हा दिवे लागले होते. आई गेली होती. कोणी जवळ नव्हतं, मीपण नव्हतो.”

बाहेर यात्रेतली माणसं हसत रस्त्यानं चालली होती. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला घेतला.

“तेराव्याला तू विचारलंस. हो म्हटलं असतं तर का बोलावलं नाहीस, ते सांगावं लागलं असतं. म्हणून नाही म्हटलं. सगळी भावकी बघत होती. मग तू खोटं म्हणालीस, आणि मग शपथ. तेवढंच आहे, अक्का. दुसरं काही नाही.”

पडद्यावर माझं दोन मिनिटं चार सेकंद झालं होतं. तिचं एक सेकंद. घड्याळात तीन अठ्ठेचाळीस. श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता, पण यंत्र श्वास धरत नाही. मला तिला म्हणावंसं वाटलं, काहीतरी बोल, शिव्या घाल, पण बोल, चारला तुझी वाट बंद होईल. मी म्हणालो नाही. तिला लाइनसाठी बोलायला लावणं मला शोभलं नसतं. तीन पन्नास झाले, तीन एक्कावन्न. वाट गेली तर गेली, मी ठरवलं, उद्यापासून रोज लाँचनं जाईन, ती दार उघडो न उघडो.

“दमला हुतास?” तिनं विचारलं.

“हो.”

“येवढंच?”

“एवढंच.”

“मला वाटलं,” ती म्हणाली, आणि मग तिचा रकाना हलायला लागला, “मला वाटलं आई माझ्यावर रागावून गेली. त्या दिवाळीला मी आले न्हवते म्हनून. अकरा वर्सं मी त्येच धरून बसले. आई नाव न काढता गेली, म्हंजे माझ्याकडनं कायतरी मोठं झालं आसंल. मी देवाला विचारलं, तुझ्या मेव्हन्याच्या फोटोला विचारलं. कवाकवा वाटायचं तू लपवतोयस. कवा वाटायचं तू खरंच बोलतोयस, आनि त्ये जास्त वाईट वाटायचं. आनि हितं बघ. तू बाकड्यावर झोपला हुतास.”

“हो.”

“नऊ दिस येकटा बसलास?”

“नऊ.”

“मला पयल्या दिशी का न्हाई कळवलंस? आजारी हाय म्हनून निरोप दिलास, पर ये म्हनून न्हाई दिलास.”

“तुझं घर, गुरं, दाजी गेल्यापासून तू एकटी. म्हटलं, कशाला ओढायची.”

“माझी गुरं शेजारनीनं बघितली असती,” ती म्हणाली. आता तिच्या बोलण्याला धार आली होती, लहानपणी मला ओढ्यावरून घरी ओढत आणायची तेव्हा असायची तशी. “मी पयल्या लाँचनं आले असते. भाकरी बांधून आनली असती. दिसा तू बसला असतास, रात्री मी. तिचं डोकं मी विंचरलं असतं, तुला काय येतं त्यातलं? त्या दिशी तू बाहेर झोपला असतास तर मी आत असते. तुला कुनी उठवायची गरज न्हवती. निवांत झोपला असतास सकाळपातूर.”

ती बोलत राहिली. आईला पेज कशी लागायची, मीठ किती, लसणीची फोडणी कशी नको असायची, कुशीवर कसं वळवायचं, हे सगळं त्या नऊ दिवसांत तिनं काय काय केलं असतं ते एकेक करून सांगत राहिली. तीन सत्तावन्नला पेटी हिरवी झाली. पडद्यावर वर्षाची मुदत आली. मी तिला ते सांगितलं नाही, तिला अडवावंसं मला वाटलं नाही. चार वाजून गेले, यादी बंद झाली, तरी ती बोलतच होती आणि मी ऐकत होतो.

मग ती एकदम थांबली.

“दमलास तर सांगायचं हुतं, संपा,” ती म्हणाली. “मी हुते की.”